हो म्हणे

नाही, विवेककाका, दोष बाबांचाच. चंद्रशेखर सबनीस, बी.ई. सिव्हिल, पुणे, तुमच्या मंडळाचे अध्यक्ष — त्यांचाच. नदीचा नाही, वादळाचा नाही. तिथल्या सरकारचा असेल थोडा, पण मी सरकारच्या घरात नाही वाढलो, बाबांच्या घरात वाढलो. बसा ना. त्या खुर्चीवरची कागदाची रीम खाली ठेवा आणि बसा. कॉफी मशीनची आहे, बेकार आहे, घेऊ नका. शनिवारी दोननंतर इथे कोणी फिरकत नाही, मालक मुलाच्या सॉकरला गेलाय, आणि तुम्ही शॉमबर्गमधली चार चांगली प्रिंट शॉप्स ओलांडून मंडळाची दिवाळी स्मरणिका नेमकी माझ्याकडे घेऊन आलात — म्हणजे काम नुसतं स्मरणिकेचं नसणार. शैलू घरी ये, शैलू निदान कॉलेजला परत जा, वडिलांशी असं बोलतात का — गाडीत पाठ करत आला असाल. म्हणा. नाही म्हणत? मग मीच बोलतो.

द्या ती पानं. सुहासिनीकाकूंचं अक्षर ना? दरवर्षी अख्खा अंक एकटीने लिहून काढतात, इथे देवनागरीचं मशीन कुठून आणणार — आपण पानाचा फोटो काढतो, प्लेट करतो, काकूंच्या वेलांट्यांसकट छापतो. अध्यक्षांचं मनोगत, खजिनदारांचं मनोगत, दोन डेंटिस्ट, एक साडी सेंटर, आणि पान चार — हे बघा — ‘आमचे अध्यक्ष : एक कर्तृत्ववान जीवन’. ‘फिलिपाइन्ससारख्या मागासलेल्या देशात उन्मत्त नदीला आवर घालून त्यांनी हजारोंचे संसार वाचवले.’ वा! उन्मत्त नदी. तुम्ही लिहिलंत? तुम्ही पाहिलीय ती नदी? मग तुम्हाला कोणी सांगितलं? — तेच. आणि हा फोटो. बाबा मध्ये, पांढरा शर्ट, गळ्यात कागदी फुलांची माळ, शेजारी तो काळा, दात पडलेला माणूस — त्याचं नाव कप्तान तेरोय — आणि इथे काकूंनी पेन्सिलीने रेघ मारलीय, ‘इथून कापा’. रेघेच्या उजवीकडे टेबलावर एक कोपर दिसतंय? लहान मुलाचं? ते माझं. कापायलाच पाहिजे, नाही का, अध्यक्षांच्या फोटोत कोपर बरं दिसत नाही.

आणि तुमची नजर मघापासून त्या निळ्या गठ्ठ्याकडे जातेय, तेही मला दिसतंय. हो, तीच ती पुस्तिका. हात नका लावू, शाई ओली आहे. तिच्या पान अकरावर सबनीस हे नाव आहे, बाबांना ते कळलंय — कारण मीच एप्रिलच्या शेवटी जेवणाच्या टेबलावर ओरडून सांगितलं — आणि आता ते नाव काढायला तुम्हाला पाठवलंय. काका, तुम्ही चांगले आहात यार, पण तुमच्या पिढीला निरोप पोचवायला नेहमी तिसरा माणूस लागतो. स्वतः फोन उचलणार नाहीत.

ही पुस्तिका कसली ते तरी माहितीय का? फिलिपाइन्समध्ये सांता ब्रिहिदा नावाचं एक गाव आहे. त्या गावचे जे लोक शिकागोत आहेत — नर्सेस बहुतेक, दोन-तीन पोस्टात, एक जण विमानतळावर सामान चढवतो — त्यांची संघटना आहे, आपल्या मंडळासारखीच, भांडणांसकट. दर ऑक्टोबरला डिनर-डान्स करतात आणि दर वर्षी पुस्तिका काढतात : ‘सांता ब्रिहिदा, इतिहास आणि परिचय’. गाव चौथ्या वर्गातलं. त्यांच्याकडे गावांना वर्ग असतात, उत्पन्नावरून. आपल्याकडे माणसांना असतात तसे. वस्ती अकरा हजार. पीक नारळ, भात, आणि अबाका म्हणून एक केळीसारखं झाड, त्याच्या वाखाचे दोर. एका स्पॅनिश पाद्र्याने वसवलं. चर्च दोनदा जळलं — एकदा चाच्यांनी जाळलं, एकदा अमेरिकन सोल्जर्सनी. पण डिनरला इथला कोणीतरी काउंटीचा माणूस येणार म्हणून कमिटीने दुसऱ्या खेपेला नुसतं ‘आग लागली’ असं केलं. हसू नका, तुम्हीही तेच केलंत पान चारवर. बस दिवसातून दोनदा. संरक्षक संत ब्रिहिदा, तिचा उत्सव फेब्रुवारीत. आणि बारिओ — बारिओ म्हणजे वाडी — बारिओ तेरा. मी एप्रिलमध्ये — तेव्हा अर्बानाच्या कॉलेजातून फक्त शनिवार-रविवार इथे कामाला यायचो — हे टाइपसेट करत होतो, आणि तेरा टाइप करताना हात थांबला. कारण आम्ही होतो तेव्हा चौदा होत्या. मला पाठ होत्या त्या, नोनॉय आणि मी चौदाही नावं एका दमात म्हणायचो, अठ्ठाविसाच्या पाढ्यासारखी. म्हटलं टायपो आहे. मीच पेन्सिलीने चौदा केलं. पुढचं पान वाचलं आणि मग खोडलं.

नोनॉय म्हणजे तेरोयचा धाकटा मुलगा. थांबा, सुरुवातीपासून सांगतो, तुम्हाला बाबांची आवृत्तीच माहितीय. त्र्याहत्तर साली कंपनीने बाबांना तिथे पाठवलं, नदीकाठी भिंत बांधायला. गावातली माणसं आम्हाला ‘बुंबाय’ म्हणायची — कुठलाही इंडियन दिसला की बुंबाय, त्यांचा शब्दच तो — आणि बाबा चिडायचे, ‘सांग त्यांना, आम्ही बुंबायचे नाही, पुण्याचे आहोत.’ मी सांगायचो. ते म्हणायचे, बरं, पुण्याचे बुंबाय. मी म्हणजे आठ वर्षांचा होतो, तीन महिन्यांत त्यांची भाषा बोलायला लागलो, चार महिन्यांत त्या भाषेत शिव्या द्यायला लागलो. तिथे मोठ्या बहिणीला ‘आते’ म्हणतात — आई बिचारी नोनॉयच्या बहिणीला, लिगायाला, वर्षभर त्याची आत्या समजत होती. आणि तुम्हाला गंमत सांगू? त्यांच्यात हो म्हणजे ‘ओओ’, आणि कोणाचं तरी म्हणणं तुम्ही पुढे सांगत असाल तर मागे ‘राव’ लावतात. ओओ राव. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई-बाबा केवढे हसले होते — अरे, हे तर पुण्यातल्या सारखं राव-राव करतायत. पण तो राव म्हणजे आपलं ‘म्हणे’. येणार म्हणे. आजारी आहे म्हणे. मी नाही म्हणत, तो म्हणतोय, खरं-खोटं त्याच्याकडे. फार सोयीचा शब्द. आपल्याकडेही आहे म्हणून लगेच कळला मला.

आता कंपनीचा एक दुभाषा होता. मनिलाचा. बाबांचं त्याच्याशी पटेना — दारू पितो, वेळेवर येत नाही, चुकीचं सांगतो. दिलं घालवून. म्हणाले, ‘आपला शैलू आहे की. फर्डा बोलतो.’ लक्षात येतंय का काका? आपल्या लोकांना पोरगं दाखवायची केवढी हौस असते! पाहुणे आले की बोलव त्याला, रामरक्षा म्हणून दाखव, पाढे म्हणून दाखव, काकांना कविता म्हणून दाखव — ती रामरक्षा तिथे मी इंजिनिअर आणि गाव यांच्या मध्ये बसून म्हणत होतो. मोजणी, जमिनी, मजुरी, कोणाचं झाड तोडायचं, कोणाची बोट हलवायची. आठ-नऊ वर्षांचं पोर. लोक हसायचे, गालाला हात लावायचे, आणि बाबा छाती काढून बघायचे. कोणी एक माणूस उठून म्हणाला नाही की साहेब, हे काय चाललंय. आईने एकदा म्हटलं होतं. बाबा म्हणाले, ‘त्याचं जनरल नॉलेज वाढतंय.’

हा फोटो ना, तो त्या उत्सवातला. फेब्रुवारी चौऱ्याहत्तर. खालच्या वाडीत, इबाबामध्ये, तेरोयच्या अंगणात. इबाबा म्हणजेच ‘खालची’. तेरोय त्या वाडीचा कप्तान. भिंत पुलापासून चर्चपर्यंत येणार होती, आणि चर्चच्या खाली, वळणावर, ही वाडी — चाळीसेक घरं, एक चॅपेल. भिंतीच्या बाहेर. त्यांना मेयरने टेकडीवर जागा देऊ केली होती. ईस्टरच्या आत सह्या करायच्या आणि वर जायचं. पण वर पाणी नाही, बोटी कुठे बांधणार, आणि चॅपेल सोडवत नाही. म्हणून त्यांनी ठरवलं, इंजिनिअरला विचारू. भिंत आमच्या चॅपेलपर्यंत येणार असेल तर कशाला जा? एवढा साधा प्रश्न. त्यासाठी जेवण घातलं होतं. अख्खं डुक्कर भाजलं होतं, काका. त्यांच्याकडे वर्षातून एकदा होतं ते.

आणि बाबा शाकाहारी. सकाळपासून मी काय करत होतो सांगू का? नाही म्हणत होतो. ते डुकराचं पान पुढे करायचे — नाही पो, बाबा खात नाहीत; पो म्हणजे त्यांचा आदराचा शब्द, आपल्या ‘जी’सारखा. मासा — नाही पो. नारळाची दारू — नाही पो. तेरोयची बायको नाचायला बोलवायला आली — नाही पो. तेरोयने विचारलं, माझ्या नातवाचे धर्मपिता व्हाल का, तुमचं नाव ठेवू — बाबा मराठीत म्हणाले, ‘ही असली लफडी आपल्याला नकोत, गोड शब्दांत सांग.’ गोड शब्दांत! मी नऊ वर्षांचा सुद्धा नव्हतो. प्रत्येक वेळी ती माणसं हसायची, ठीक आहे ठीक आहे म्हणायची, आणि प्रत्येक वेळी हसणं थोडं कमी व्हायचं. बाबांनी एक केळं खाल्लं. एक. सोलून, रुमालाने पुसून. तिकडे नोनॉय माझ्याकडे बघत होता. हे तुमचे लोक असे कसे — असं बघत होता.

मग तेरोय उभा राहिला. त्याने विचारलं, मी मराठीत बाबांना सांगितलं : ते विचारतायत, भिंत चॅपेलपर्यंत आणाल का. बाबांनी मान हलवली — आपली हो, आडवी-तिरकी, कुठलीच नाही — आणि म्हणाले, ‘बघू म्हणावं.’

बघू. काका, तुम्हाला बघू माहितीय. सायकल घ्यायची? बघू. पुण्याला आजीकडे जायचं? बघू. बघू म्हणजे नाही. आपल्या घरात प्रत्येक मुलाला पाच वर्षांचा असताना कळतं की बघू म्हणजे नाही, फक्त नाही म्हणायचे कष्ट वाचवलेत. पण त्यांना कुठे माहीत? आणि त्यांच्या भाषेत सांगायचं तर एक तर ‘बघतील’ सांगायला हवं होतं — त्यावर ते पुन्हा विचारणार, म्हणजे कधी, म्हणजे काय — किंवा सरळ नाही. आणि सकाळपासून मी नाहीच म्हणत होतो. माझं तोंड दुखायला लागलं होतं नाही म्हणून. चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत, त्या भाजलेल्या डुकराकडे कोणी बघत नाहीये, नोनॉय बघतोय —

मी म्हटलं, ओओ राव.

हो म्हणे.

बस. एवढंच. मी कुठे हो म्हटलं? मी म्हटलं, ते म्हणतायत. आणि मग काय आरडाओरडा! तेरोयने बाबांना मिठी मारली, ही माळ त्याने तेव्हाच घातली — हा फोटो त्यानंतरच्या मिनिटाचा आहे, बघा, बाबांचा चेहरा बघा, त्यांना कळतच नाहीये की बघू म्हटल्यावर एवढं काय झालं. मला म्हणाले, ‘भोळे लोक आहेत रे.’ आणि नोनॉयने मला त्या दिवशी त्याची बोट वल्हवू दिली.

हं? नाही — थांबा. मध्ये बोलू नका, माझं संपलेलं नाही. तुमच्या चेहऱ्यावर आत्ताच ते आलं, ‘म्हणजे चूक तर तुझी.’ मी सुरुवातीलाच सांगितलं ना चूक कोणाची ते? दुभाष्याला कोणी घालवलं? पोराला टेबलावर कोणी बसवलं? आणि माळ घातली तेव्हा एका इंजिनिअरला, एका पन्नाशीकडे झुकणाऱ्या — बरं, चाळिशीच्या — माणसाला एवढं विचारता येऊ नये, शैलू, तू नक्की काय सांगितलंस? एक प्रश्न! विचारला नाही. जेवणात लिंबू नाही म्हणून परत पाठवणारा माणूस, आणि हे नाही विचारलं.

पंच्याहत्तरच्या जूनमध्ये आम्ही इकडे आलो. भिंत चर्चपाशी संपली, प्लॅनप्रमाणे. इबाबातले लोक टेकडीवर गेले नाहीत, कारण इंजिनिअर हो म्हणाला होता. उलट काहींनी सिमेंटच्या विटांची घरं बांधली. शहात्तरच्या नोव्हेंबरात वादळ आलं. अर्धी भिंत बांधली की पाणी कुठे जातं? हायड्रॉलिक्सच्या तिसऱ्या आठवड्यात शिकवतात ते — भिंतीच्या टोकाला. सगळं तिथेच गोळा होतं आणि तिथेच फुटतं. पान अकरा. मी पाठ म्हणू शकतो, मी टाइप केलंय ते : ‘बारिओ इबाबा त्या वर्षी नकाशावरून काढण्यात आला. एकोणीस जण गेले.’ खाली नावं. नोनॉय सातवा. वय बारा लिहिलंय, पण तो अकराचा होता, मला माहितीय. आणि त्याच्या खाली : ‘भिंत चॅपेलपर्यंत नेण्याचा शब्द इंजिनिअर सबनीस यांनी जाहीररीत्या दिला होता.’ दहा वर्षं हे छापलं नव्हतं त्यांनी. मार्शल लॉ होता, सरकारच्या भिंतीबद्दल लिहिलं तर गावातल्या नातेवाइकांना त्रास. यंदा फेब्रुवारीत तिकडे लोक रस्त्यावर आले, सरकार गेलं, आणि मग यांनी हिंमत करून पहिल्यांदा लिहिलं. आणि ते टाइप करायला मिळालो मी.

मी सरळ घरी गेलो. रविवार होता, बाबा पोहे खात होते. विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्यांनी बशी खाली ठेवली, बेसमेंटमधून फाइल आणली. लेबल लावलेलं — ‘सांता ब्रिहिदा, किरकोळ’. किरकोळ! आत त्यांचा स्वतःचा रिपोर्ट, चौऱ्याहत्तरचा, ज्यात स्वच्छ लिहिलंय की खालची वाडी हलवावी, भिंत तिथवर नेता येणार नाही. ‘रहिवाशांना दुभाष्यामार्फत कल्पना देण्यात आली.’ दुभाष्यामार्फत. कंपनीत कोणी विचारलं नाही की हा दुभाषा कोण, त्याची उंची किती. मग तेरोयचं पत्र, शाळामास्तरकडून इंग्लिशमध्ये लिहून घेतलेलं, सत्त्याहत्तरचा जानेवारी : साहेब, तुम्ही हो म्हणाला होतात. आणि त्याखाली तीन पाकिटं. माझ्या अक्षरातली. नोनॉयला लिहिलेली माझी पत्रं, स्टॅम्प लावलेली, न टाकलेली. मी दर ख्रिसमसला विचारायचो, बाबा, नोनॉयचं कार्ड आलं का? ते म्हणायचे — काय म्हणायचे असतील? — येईल, बघू. तीन वर्षं मी मेलेल्या पोराला शिव्या देत होतो, साला विसरला म्हणून.

मी ओरडलो. आई रडली. आणि बाबा हळू आवाजात म्हणाले, ‘मी बघू म्हटलं होतं. बघू म्हणजे हो कधीपासून व्हायला लागलं?’ आणि माझ्याकडे बघितलं. काका, तेव्हा मला कळलं की त्यांना माहितीय. पत्र वाचलं त्या दिवसापासून माहितीय, नऊ वर्षं. मग त्यांनी बशी उचलली आणि सिंकमध्ये ठेवली. दोन आठवड्यांनी हायड्रॉलिक्सची फायनल होती, पहिलाच प्रश्न नदीच्या वळणावरचा. मी नाव लिहिलं आणि उठून आलो. तुम्हाला घरी सांगितलं असेल, अर्बानाला मुलाचं मन रमेना. रमत होतं. बरा होतो मी त्यात.

काय म्हणालात? परत म्हणा.

नाही. नाही, हे नका सांगू मला. ‘तुला कळू नये म्हणून लपवलं’ — अकरा वर्षांच्या मुलाला कळू नये, ठीक, पंधरा वर्षांच्याला? एकोणीस वर्षांच्याला, त्याच नदीचं गणित शिकायला पाठवताना? आणि मला वाचवलं तर त्या तेरोयला दोन ओळी लिहायला काय झालं होतं — पत्र मिळालं, वाईट वाटलं? त्यालाही माझ्यासाठीच उत्तर नाही दिलं का? सगळं माझ्यासाठी! वा. आईबापांनी काहीही करायचं आणि वर मुलाच्या नावाने पावती फाडायची.

लिगाया — हो, नोनॉयची बहीण, आते लिगाया — तीच या संघटनेची सेक्रेटरी आहे. पूर आला तेव्हा मनिलात नर्सिंग शिकत होती म्हणून वाचली. एप्रिलमध्ये ती हे हस्तलिखित घेऊन आली, मी तिला ओळखलं नाही, आणि काहीतरी विचारलं तिने तर माझ्या तोंडून निघून गेलं, ओओ पो. ती अशी बघत राहिली. म्हणाली, तू पुण्याच्या बुंबायचा मुलगा. मग दर शनिवारी यायची, प्रूफं बघायला म्हणून, पण डबा घेऊन — शेवयांचा एक प्रकार करतात, तो, माझ्यासाठी मांसाशिवाय — आणि आत आल्या आल्या पहिला प्रश्न : जेवलास का? त्यांच्यातही तेच विचारतात, आपल्यासारखं. घर सोडल्यापासून मला हे विचारणारी ती एकटीच. बाबांबद्दल एकदाच बोलली. म्हणाली, तुझ्या वडिलांनी शब्द दिला, ते कंपनीचे नोकर, कंपनीने मोडला असेल. तू लहान होतास, तुझा काय संबंध. पाच महिने मी तिच्या शेवया खाल्ल्या आणि म्हटलं नाही की संबंध आहे.

मागच्या शनिवारी सांगितलं. फायनल प्रूफ होतं, सहीसाठी. मी म्हटलं, ते हो नव्हते म्हणाले. ते ‘बघू’ म्हणाले. तिने विचारलं, बघू म्हणजे? मी सांगितलं बघू म्हणजे काय. मग सांगितलं ओओ राव कोणी म्हटलं आणि का. सगळं, त्या केळ्यापर्यंत. ती ऐकत होती, तिचा हात प्रूफवर, नोनॉयच्या नावावर. मग मी विचारलं, हे वाक्य बदलू का? तिने माझ्याच पेन्सिलीने शब्द काढून, घालून दिले, एक कॉमा दुरुस्त केला, सही केली. डबा न उघडता परत घेऊन गेली. तर ते वाक्य बदललंय, काका. मी आईला फोनवर एवढंच म्हटलं होतं की पान अकरावरचं वाक्य बदलतोय. कसं ते नव्हतं सांगितलं. तेव्हा जाऊन सांगा बाबांना, नाव काढलंय, खूश व्हा, पान चार बिनधास्त छापा —

काय?

नाव काढायला नाही आलात? मग? —

राहू दे म्हणाले? माझं नाव आहे तसं राहू दे, दुसरं कोणाचं घालू नकोस — असं म्हणाले?

असंच म्हणाले? हेच शब्द? नीट आठवा, काका. ‘राहू दे’ म्हणाले की ‘बघू’ म्हणाले? नाही, मी चेष्टा नाही करत. तुम्ही दुभाषे आहात आत्ता. दुभाष्यांचं काय असतं ते मला माहितीय, समोरच्याचं तोंड बघून शब्द बदलतो माणूस. मान कशी हलवली त्यांनी? उभी की आडवी? तुम्ही बघितलं नाहीत. गाडीत बसताना म्हणाले. पाठमोरे. बरं.

बारा वर्षांनी बोलले, आणि तेही तुमच्या तोंडून.

उशीर झाला. पाचशे प्रती झाल्यात, तो निळा गठ्ठा म्हणजे त्याच. घ्या एक, कडेने धरा, वाचा. ‘भिंत चॅपेलपर्यंत येणार, असे दुभाष्याने सांगितले. इंजिनिअरने तसे म्हटले नव्हते.’ खाली दुभाष्याचं नाव, वय आठ. वय तिने घातलं. मी नव्हतं सांगितलं घालायला. ठेवा तुमच्याकडे, बाबांना द्या, किंवा नका देऊ, किरकोळमध्ये ठेवा. स्मरणिका मंगळवारी मिळेल. फोटो मी कापणार नाही, कोपर राहील. सुहासिनीकाकूंना आवडलं नाही तर दुसरं दुकान बघा. आता निघा तुम्ही, मला मशीन धुवायचंय. दार जोरात ओढा, अडकतं.

आणि काका, आज शनिवार, तिचा यायचा वार. पुस्तिका न्यायला सकाळी तो विमानतळावरचा माणूस येऊन अर्धा गठ्ठा घेऊन गेला. मी विचारलं, आते कुठे? म्हणाला, ती आता येणार नाही, उरलेला मीच नेईन. त्या गावातलं मला ओळखणारं इथे एवढं एकच माणूस होतं. तेही गेलं.